द्राक्षाच्या चोथ्याचे कार्बन डॉट आणि लेबलवर न दिसणारा ठसा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमधील आपल्या महाविद्यालयात पदव्युत्तर प्रकल्पासाठी आपण द्राक्षाच्या चोथ्यापासून कार्बन डॉट, म्हणजे काही नॅनोमीटर आकाराचे, प्रकाशात चमकणारे कार्बनचे कण, तयार केले आणि ते वाळवून त्यांची भुकटी केली. ३६५ नॅनोमीटरच्या टॉर्चखाली ही भुकटी निळी चमकते आणि वाइनच्या रिकाम्या बाटलीवर मित्राच्या अंगठ्याचा ठसा तिने उत्तम उमटला. परंतु त्याच बाटलीच्या लेबलवर काहीही दिसले नाही, आणि पुढे पावसाळी हवेत काचेवरही भुकटी ठशाबाहेर सगळीकडे चिकटू लागली. कण आणखी लहान केले तर हे सुटेल का, आणि इतके संशोधन होऊनही तपासकामात असे पदार्थ सर्रास का दिसत नाहीत, असे आपण विचारले आहे.

मी याच शहरात बरीच वर्षे छुपे ठसे उघड करण्याचे आणि जुळवण्याचे काम करतो, म्हणून उत्तर त्या बाजूने देतो. कण लहान करून काहीही सुटणार नाही. आपली अडचण आकाराची नसून पार्श्वभूमीची आहे. लेबलवर चमकणारी भुकटी बहुधा पोहोचली होती, पण तिच्याभोवतीचा कागदही तितकाच चमकत होता.

आकाराचा मुद्दा आधी बाजूला सारू, कारण ‘नॅनो’ म्हटले की ठसा अधिक बारकाईने दिसेल असा समज विद्यार्थ्यांमध्ये फार आढळतो. बोटावरच्या दोन शेजारच्या रेषांमधील अंतर साधारण अर्धा मिलिमीटर असते. तुमचा कण दहा नॅनोमीटरचा धरला तर तो या अंतराच्या पन्नास हजाराव्या भागाइतका भरतो. रेषा कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, रेषेवरची घर्मछिद्रे कशी मांडलेली आहेत, हे सगळे टिपायला काही मायक्रॉनचा कणही पुरतो, आणि नेहमीच्या ठसे पावडरी त्याच मापाच्या असतात. उलट अतिबारीक कोरडी भुकटी हाताळायला अवघड जाते. रांगोळी फार बारीक दळली की ती चिमटीतून सुटत नाही, गोळा होऊन पडते. ब्रशवरच्या पावडरीचेही तसेच होते. म्हणूनच चमकणारे नॅनोकण एकटे न वापरता ते सिलिका किंवा स्टार्चसारख्या वाहक कणांवर बसवण्याची पद्धत रूढ झाली. तिचा दुसरा फायदा आपल्याला थेट उपयोगी आहे. कार्बन डॉट द्रावणात छान चमकतात, पण वाळून एकमेकांना खेटले की त्यांची चमक मोठ्या प्रमाणात विझते, आणि वाहकावर विरळ बसवले तर टिकते.

आता लेबलकडे वळू. पांढऱ्या छपाईच्या कागदात तो अधिक शुभ्र दिसावा म्हणून ऑप्टिकल ब्राइटनर घातलेले असतात. ते अतिनील प्रकाश शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात. गणेशोत्सवाच्या मंडपातील जांभळ्या दिव्याखाली धुतलेला पांढरा सदरा झळाळतो तो याच जातीच्या पदार्थांमुळे. तुमचे कार्बन डॉटही अतिनील प्रकाशात निळेच चमकतात. म्हणजे निळ्यावर निळे लिहिल्यासारखे झाले, आणि कॅमेऱ्यालाही त्यातून रेषा वेगळी काढता येणार नाही. बाटलीची हिरवी किंवा तपकिरी काच त्या प्रकाशात जवळजवळ काळी राहते, त्यामुळे तिच्यावर ठसा उठून दिसला. काचेवरच्या यशाचे बरेचसे श्रेय काचेचे आहे, हे प्रबंधात जरूर लिहा.

त्यावर उपाय आहे आणि तो तुमच्या हाताशीच आहे. कार्बन डॉटचा एक गुण असा की बहुतेक नमुन्यांत उद्दीपन करणारा प्रकाश बदलला की बाहेर पडणारा रंगही सरकतो. ३६५ ऐवजी ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश टाका आणि नारिंगी गॉगलमधून पाहा. कागदातील ब्राइटनर या निळ्या प्रकाशाला फारसा प्रतिसाद देत नाहीत, त्यामुळे पार्श्वभूमी अंधारते आणि भुकटी हिरवट किंवा पिवळट दिसू लागते. चमक कमी होईल, हे मान्य. पण आमच्या कामात चमक किती आहे यापेक्षा ती भोवतालापेक्षा किती वेगळी आहे, याला महत्त्व असते. मंद ठसा काळ्या पार्श्वभूमीवर मिळाला तर कॅमेऱ्याचे शटर अधिक वेळ उघडे ठेवून काम भागते. झगझगीत ठसा झगझगीत पार्श्वभूमीवर मिळाला तर हाती काहीच लागत नाही.

एवढ्याने भागले नाही तर मूळ संश्लेषणच बदलावे लागेल. चोथ्यासारख्या जैविक कच्च्या मालापासून पाण्यात उष्णता आणि दाब देऊन केलेले डॉट बहुधा निळ्याकडे झुकतात आणि त्यांची चमकण्याची क्षमताही बेताची असते. सायट्रिक आम्ल आणि युरिया घेऊन द्रावक बदलला तर रंग हिरव्या-नारिंगीकडे नेता येतो, आणि फेनिलिनडायअमाइनच्या काही समघटकांपासून (तेच अणू, पण वेगळी मांडणी असलेल्या रूपांपासून) पिवळे ते लाल डॉट मिळतात. द्राक्षाचा चोथा नाशिकच्या प्रकल्पाला शोभून दिसतो, परीक्षकांनाही तो आवडेल, यात शंका नाही. परंतु ठसे उघड करणे हे उद्दिष्ट असेल तर कच्चा माल त्या उद्दिष्टाने ठरावा, गावाच्या पिकाने नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पावसाळी हवेत भुकटी सगळीकडे चिकटू लागली, याचे कारणही मला चोथ्यातच दिसते. द्राक्षात साखर भरपूर असते. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाब सहन करणाऱ्या बंद भांड्यात, सुमारे १८० ते २०० अंशांवर काही तास ठेवल्यावर तिचे काही कार्बन डॉट होतात, काही अर्धवट जळून तपकिरी, चिकट, ओलावा ओढणारे अवशेष उरतात. केवळ गाळून हे जात नाही. डायलिसिस पिशवीतून, म्हणजे फक्त लहान रेणू बाहेर जाऊ देणाऱ्या पडद्याच्या पिशवीतून, पाणी बदलत शुद्धीकरण करावे लागते. आपण ते केले की नाही, हे प्रश्नात लिहिलेले नाही. केले नसेल तर आणखी एक शंका राहते. जी चमक कार्बन डॉटची समजली जाते ती कित्येकदा सोबत तयार झालेल्या लहान सेंद्रिय रेणूंची असते, आणि शुद्धीकरणानंतर ती निम्म्यावर येते किंवा नाहीशी होते. हे आधीच तपासलेले बरे.

याची एक सोपी खूण भिंगाखाली दिसते. ठशावर ब्रश फिरवल्यावर दहापट भिंगातून रेषांच्या मधल्या खाचांकडे पाहा. चांगल्या पावडरीत खाच स्वच्छ असते आणि रेषेची कड थोडी दाणेदार असली तरी तुटक नसते. ओलावा धरलेल्या पावडरीत खाचेत बारीक गुठळ्या बसतात, दोन रेषा एका ठिकाणी पुलासारख्या जोडल्या जातात आणि जिथे रेषा संपत होती तिथे फाटा फुटल्यासारखा दिसतो. हा केवळ देखणेपणाचा प्रश्न नाही. ठसे जुळवताना आम्ही याच खुणा मोजतो, आणि पावडरीने निर्माण केलेली खोटी खूण खऱ्या खुणेइतकीच ठळक दिसते.

आता कागदाबद्दल, कारण लेबलवर पार्श्वभूमी सुधारूनही अपयश येऊ शकते. बोटाच्या घामात बहुतांश पाणीच असते. उरलेल्या अंशात क्षार, अमिनो आम्ले, युरिया येतात, आणि चेहऱ्याला किंवा केसांना हात लागलेला असेल तर स्निग्ध पदार्थही. काचेवर हे सगळे पृष्ठभागावरच बसून राहते. साध्या, बिनलेपाच्या कागदात मात्र घाम तंतूंमध्ये मुरतो, आणि काही तासांनी पृष्ठभागावर पावडर धरून ठेवण्याजोगे फारसे उरत नाही. आत मुरलेली अमिनो आम्ले मात्र जागची हलत नाहीत, म्हणून कागदासाठी त्यांच्याशी क्रिया करणारे निनहायड्रिन हे रसायन वापरतात, जे ठशांसाठी १९५४ पासून वापरात आहे आणि जांभळा रंग देते. त्यापुढे जाऊन १,२-इंडेनडायोन हे रसायन आणि झिंक यांचा उपचार केला तर हिरव्या प्रकाशात चमकणारा ठसा मिळतो, तोही ब्राइटनरच्या निळ्या पट्ट्यापासून दूर. वाइनचे लेबल गुळगुळीत, वार्निश चढवलेले असेल तर ते काचेच्या जवळ जाते. खरबरीत, हातकागदासारखे असेल तर साध्या कागदाच्या जवळ. बोटाने चाचपून आणि एका कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवून तो मुरतो का हे पाहिले की निम्मा निर्णय होतो. अर्थात हे सरावाच्या बाटलीवर करावे, खऱ्या मुद्देमालावर नव्हे.

याच कारणासाठी मी नोटांचा उल्लेख करतो, कारण नाशिकरोडला नोटांचा छापखाना असल्याने इथले विद्यार्थी हमखास नोटेवर प्रयोग करू पाहतात. खऱ्या नोटेच्या कागदात ब्राइटनर नसतो. अतिनील प्रकाशात तो मंद राहतो आणि क्रमांकाचा पट्टा व आतील तंतू तेवढे चमकतात. त्यामुळे पार्श्वभूमीच्या दृष्टीने नोट लेबलपेक्षा बरी आहे, पण ती शोषक आहे आणि अनेक हातांतून गेलेली असते. तिच्यावर पावडरीचा प्रयोग करून फारसे शिकायला मिळत नाही.

इथवर दोन गोष्टी स्पष्ट व्हाव्यात. पृष्ठभाग चमकतो का, हा पहिला प्रश्न. तो ठसा वर ठेवतो की आत ओढतो, हा दुसरा. आपला पदार्थ नॅनो आहे की नाही, हा प्रश्न या दोहोंच्या नंतर येतो.

परिस्थितीनुसार उत्तर किती बदलते, हे सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून येणाऱ्या सुट्या भागांवरून कळेल. कटिंग ऑइलचा थर असलेल्या पोलादी भागावर अतिनील टॉर्च मारली की खनिज तेल स्वतःच निळसर चमकते, आणि कोणतीही कोरडी पावडर तेलाला सर्वत्र चिकटते. तेल काढायला द्रावक वापरावा तर ठशातील स्निग्ध भागही त्याबरोबर जातो. भांडीबाजारातल्या पितळी तांब्यावर याच्या अगदी उलट अनुभव येतो. तिथे घामातील क्षार तांब्याच्या मिश्रधातूवर हळूहळू क्रिया करतात, त्यामुळे ठसा पुसला गेल्यावरही कधी कधी तिरप्या प्रकाशात रेषांचा माग दिसतो आणि पावडरीची गरजच उरत नाही. थंड कपाटातून काढलेल्या बाटलीवर बाष्प जमते. त्यावर पावडर टाकली तर चिखल होतो. ती खोलीच्या तापमानाला आपोआप वाळू द्यावी किंवा ओल्या पृष्ठभागासाठीचे मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे निलंबन (द्रवात तरंगत ठेवलेली बारीक पूड) वापरावे. पाण्याने क्षार आणि अमिनो आम्ले वाहून जातात, पण स्निग्ध भाग बऱ्याचदा टिकतो आणि हे निलंबन त्यालाच धरते.

चमकणाऱ्या पदार्थांची कल्पना आपल्या क्षेत्रात नवीन नाही, हेही ध्यानात घ्या. १९७७ साली कॅनडात डॅलरिंपल, डफ आणि मेंझेल यांनी आर्गन लेझरच्या प्रकाशात ठसे चमकताना पाहता येतात हे दाखवले. सायनोअॅक्रिलेटची, म्हणजे सुपरग्लूची, वाफ देऊन पांढरा झालेला ठसा ऱ्होडामाइन ६जी किंवा बेसिक यलो ४० या रंगाने रंगवून पाहणे ही आज प्रयोगशाळांची नित्याची पद्धत आहे. याच मेंझेल यांनी पुढे २००० साली कॅडमियम सल्फाइडच्या नॅनोस्फटिकांनी ठसे चमकवण्याचे काम प्रसिद्ध केले. क्वांटम डॉट म्हणजे हेच. त्यांच्या शोधाला आणि संश्लेषणाला २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आकार बदलला की त्यांचा रंग बदलतो, चमक भरपूर असते आणि ती सहज विझत नाही. परंतु कॅडमियम विषारी आहे. ब्रशने उडणारी कॅडमियमयुक्त भुकटी रोज श्वासात घ्यायला मी माझ्या एकाही सहकाऱ्याला सांगणार नाही, द्रावणातून वापरायची असली तरी तिच्या विल्हेवाटीचा प्रश्न राहतो. कार्बन डॉटकडे लोक वळले ते मुख्यतः यामुळे. २००४ साली कार्बन नॅनोनलिकांची काजळी शुद्ध करताना ते प्रथम ध्यानात आले होते.

पार्श्वभूमीचा प्रश्न मुळापासून सोडवणारे दोन प्रकार मला खरोखर आश्वासक वाटतात. पहिला अपकन्व्हर्जनचा, म्हणजे कमी ऊर्जेचा प्रकाश घेऊन जास्त ऊर्जेचा प्रकाश देण्याचा. यट्रियमच्या फ्लोराइडमध्ये यटर्बियम आणि एर्बियम मिसळलेले कण ९८० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश घेऊन हिरवा आणि लाल प्रकाश देतात. लेबलचा कागद, छपाईची शाई, कटिंग ऑइल यांपैकी कोणालाही असे करता येत नाही, म्हणून पार्श्वभूमी गप्प राहते. यात अडचण लेझरची आहे. ९८० नॅनोमीटरचा किरण डोळ्यांना दिसत नाही आणि म्हणूनच तो अधिक धोकादायक ठरतो. योग्य गॉगलशिवाय आणि प्रशिक्षित माणसाशिवाय महाविद्यालयात त्याला हात लावू नये. दुसरा प्रकार दिवा बंद केल्यावरही चमकत राहणाऱ्या पदार्थांचा, उदाहरणार्थ युरोपियम आणि डिस्प्रोशियम मिसळलेले स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट. प्रकाश टाकावा, बंद करावा, मग छायाचित्र घ्यावे. तोवर ब्राइटनरची चमक कधीच विझलेली असते. आपल्याकडच्या पावसाचा विचार करता हे अॅल्युमिनेट पाण्याने बिघडते हे विसरू नये, आणि ते फार बारीक दळले तर त्याची चमकही घटते.

आता दुसरा प्रश्न, तपासात हे का दिसत नाही. संशोधनपत्रांत बहुतेक छायाचित्रे ताज्या ठशांची असतात, आणि ठसा देणाऱ्याने आधी कपाळावर किंवा नाकावर बोट घासलेले असते. असा ठसा साध्या काळ्या पावडरीनेही सुरेख उमटतो. घटनास्थळी मिळणारा ठसा घाईत उमटलेला, कोरड्या हाताचा, मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या गजावरचा किंवा अर्धवट घसटलेला असतो. नवी पद्धत जुन्या पद्धतीला कुठे मागे टाकते, हे अशाच ठशांवर दाखवावे लागते. आंतरराष्ट्रीय ठसे संशोधन गटाने २०१४ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत प्राथमिक चाचणीपासून प्रत्यक्ष प्रकरणांपर्यंत चार टप्पे सांगितले आहेत. बरेचसे नॅनो साहित्य पहिल्या टप्प्यावरच थांबलेले दिसते.

दुसरे कारण क्रमाचे आहे. आम्ही मुद्देमालावर एकच प्रयोग करत नाही. आधी नुसत्या डोळ्यांनी व तिरप्या प्रकाशात पाहणी, मग वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश, प्रत्येक टप्प्यावर मोजपट्टीसह सरळ वरून घेतलेले छायाचित्र, डीएनएसाठी नमुना घ्यायचा की नाही याचा निर्णय, आणि मग सुपरग्लू, रंग किंवा पावडर. एका उपचाराने पुढचा उपचार निकामी होणार असेल तर तो शेवटी जातो. तुमची भुकटी डीएनए चाचणीत अडथळा आणते का, तिच्यानंतर सुपरग्लूची वाफ चालते का, याची उत्तरे मिळेपर्यंत तिला या क्रमात जागा देता येत नाही. एकच ब्रश अनेक वस्तूंवर फिरवल्याने डीएनए इकडून तिकडे जाण्याचा धोका तर कोणत्याही पावडरीत असतोच.

तिसरे कारण न्यायालयाचे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली तज्ज्ञाचे मत ग्राह्य धरले जाते, पण उलटतपासणीत वकील पद्धतीबद्दल विचारतो: ही पावडर कोणी बनवली, प्रत्येक खेप सारखी असते का, खोट्या खुणा उमटतात का हे कोणी तपासले. बाजारातील प्रमाणित पावडरीबाबत या प्रश्नांना कागदोपत्री उत्तर असते. वसतिगृहाच्या शेजारच्या प्रयोगशाळेत चोथ्यापासून केलेल्या भुकटीबाबत ते नसते, आणि चांगला ठसा असूनही पुरावा डळमळतो.

म्हणून आपल्या प्रकल्पासाठी माझा सल्ला असा. एकाच बोटाने, मध्ये न थांबता, ओळीने ठसे द्यायला लावा, म्हणजे प्रत्येक पुढचा ठसा फिकट होत जाईल. आपली भुकटी त्या ओळीत कितव्या ठशापर्यंत टिकते हे कळेल. प्रत्येक ठसा मधोमध विभागून अर्ध्यावर आपली भुकटी आणि अर्ध्यावर बाजारातील चमकणारी पावडर वापरा, कारण दोन वेगळ्या ठशांची तुलना कधीच न्याय्य होत नाही. ताज्या ठशांबरोबर काही आठवडे जुने ठसे घ्या, त्यांतले काही दमट हवेत ठेवलेले. गुण देताना शून्य (ठसा नाही) ते चार (पूर्ण, स्पष्ट ठसा) ही रूढ श्रेणी वापरा आणि गुण देणाऱ्याला कोणत्या अर्ध्यावर काय वापरले हे सांगू नका. ठसे देणाऱ्या मित्रांची लेखी संमती घ्या, नावाऐवजी क्रमांक लिहा आणि काम संपल्यावर ठसे नष्ट करा. छायाचित्रे रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये), मोजपट्टीसह आणि इंचाला १००० बिंदूंच्या प्रतीने ठेवा.

लेबलबाबत मात्र भुकटी पुन्हा बनवण्याआधी निळा टॉर्च आणि नारिंगी गॉगल घेऊन त्याच बाटलीकडे एकदा पाहा. ती अजून फेकली नसेल, अशी आशा आहे. त्या प्रकाशातही लेबलवर काही दिसले नाही तर लेबलच्या कागदाचा प्रकार, वार्निश आहे की नाही, आणि ठसा उमटल्यापासून किती वेळाने भुकटी टाकली, एवढे कळवा. त्यावरून ठसा कागदात मुरला की तिथे मुळात उमटलाच नव्हता, हे सांगता येईल.